विश्लेषण : वेब डिझाइन शिकताना खरा क्लायंट का हवा? पहिल्या कामात काय सांभाळायचं?

वेब डिझाइनचा कोर्स केलेल्या उमेदवाराला मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : ‘कुणासाठी वेबसाइट केली आहे?’ यूट्यूबवर बघून केलेलं काल्पनिक पिझ्झाच्या दुकानाचं पान दाखवून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून अनेक विद्यार्थी ओळखीतल्या क्लासची, खानावळीची किंवा होमस्टेची वेबसाइट करून द्यायला घेतात. शिकण्याचा हा रस्ता चांगला आहे. फक्त इथे समोरच्या माणसाचा धंदा पणाला लागलेला असतो आणि शिकाऊ हाताने केलेल्या चुकीचा भुर्दंड त्याला पडतो. खऱ्या कामातून नेमकं काय शिकता येतं आणि क्लायंटचं नुकसान होऊ नये यासाठी आधी काय ठरवायचं, ते पाहू.

एका होमस्टेची वेबसाइट कशी गायब झाली?

सुरुवात स्वतःच्याच चुकीपासून करतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना कोकणातल्या ओळखीच्या एका काकांच्या होमस्टेची वेबसाइट मी केली होती. चार खोल्या, माशांचं जेवण, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पान दिसायला ठीक होतं. काकांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि रस्त्यावरच्या फ्लेक्सवर छापून घेतला. डोमेन मात्र मी माझ्या नावावर, कॉलेजच्या ईमेलवर घेतलं होतं. कारण एवढंच, की त्या वेळी तेच सोपं वाटलं.

वर्षभराने मुदत संपली. आठवणीचे मेल आले, पण परीक्षेच्या धामधुमीत कॉलेजचा ईमेल मी उघडतच नव्हतो. मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये काकांचा फोन आला. ‘अरे, आपली वेबसाइट उघडत नाहीये. मुंबईची माणसं विचारतायत, होमस्टे बंद केलात का म्हणून.’ पत्त्यावर रजिस्ट्रार कंपनीच्या जाहिराती दिसत होत्या. बारा दिवस तशीच अवस्था होती आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की ते लगेच दुसऱ्याला विकलं जात नाही. बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात. त्यानंतर ते डोमेन रद्द झालं, तरी परत मिळवण्यासाठी ३० दिवसांचा काळ असतो. तेव्हा मात्र जादा दंड भरावा लागतो. तोही टळला, तर पुढच्या पाच दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. आम्ही पहिल्याच टप्प्यात होतो म्हणून थोडक्यात निभावलं. पण त्या बारा दिवसांत किती फोन आले नाहीत, याचा हिशोब कुठेच निघत नाही.

एचटीएमएल आणि सीएसएस मला तेव्हा बऱ्यापैकी येत होतं. डोमेन कुणाच्या नावावर असावं, हे शिकवणारा धडा त्या कोर्समध्ये नव्हता.

सरावाच्या प्रोजेक्टमध्ये कमी काय असतं?

सरावाच्या प्रोजेक्टमध्ये सगळं आपल्या सोयीचं असतं. मजकूर म्हणून ‘लोरेम इप्सम’ची लॅटिन ओळ, फोटो फुकटच्या संग्रहातले एकसारखे चकचकीत, आणि मेन्यूत बरोबर पाच शब्द. मांडणी त्या मजकुराला शोभते, कारण मजकूर मांडणीसाठीच निवडलेला असतो. आमच्या कॉलेजात तर ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ हा प्रोजेक्ट एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वारशासारखा जायचा. त्यातून कुणी पुस्तक नेल्याचं ऐकिवात नाही.

खरा क्लायंट आला की क्रम उलटतो. आधी मजकूर, तोही अर्धवट. मग फोटो, ते व्हॉट्सॲपवरून दाबून आलेले. दरपत्रक येतं ते तीन वर्षांपूर्वीचं. आणि ‘वेबसाइट हवी’ याचा अर्थ दर वेळी वेगळा असतो. खानावळवाल्याला फोन वाजायला हवा असतो, क्लासवाल्याला निकाल दाखवायचा असतो, तर गणेशमूर्ती करणाऱ्याला परगावच्या ऑर्डर आधीच नोंदवून हव्या असतात. पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न रंग कोणता हवा, हा नसावा. ‘लोक तुम्हाला फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतात?’ हे विचारावं. त्याचं उत्तर पहिल्या पानावर सगळ्यात वर गेलं, तर अर्धं डिझाइन झालेलं असतं.

ही पद्धत नवी आहे का?

मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी कामं करत शिकायचं आणि ती कामं गावाच्या खऱ्या गरजांसाठी करायची, हे तिथलं सूत्र आहे. वेल्डिंगचा सराव म्हणून लोखंडाचे तुकडे जोडून फेकून देण्यापेक्षा गावातल्या कुणाला तरी लागणारं गेट केलं, तर मापही चुकत नाही आणि वेळही पाळावी लागते. त्याही आधी १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमच्या केंद्रस्थानी उत्पादक काम होतं.

वेबच्या दुनियेतलं जवळचं उदाहरण म्हणजे फ्रीकोडकॅम्प. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या मोफत शिक्षणाच्या उपक्रमात सुरुवातीची काही वर्षं शेवटचा टप्पा होता तो स्वयंसेवी संस्थांसाठी खरी कामं करून देण्याचा. पुढे त्यांनी तो अभ्यासक्रमातून काढला. एकेका संस्थेची गरज समजून घेणं, ती शिकणाऱ्याच्या आवाक्यात बसवणं आणि काम झाल्यावरही कुणीतरी सांभाळणं, हे सगळं मोठ्या संख्येला झेपणारं नाही. म्हणूनच खऱ्या क्लायंटचं काम ऑनलाइन कोर्समध्ये क्वचित सापडतं आणि आपल्या गल्लीत सहज सापडतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळू लागले आहेत. कॉलेज तयार असेल, तर गावातल्या वाचनालयाची किंवा बचत गटाची वेबसाइट त्यात बसू शकते. निदान ती कुणीतरी वापरेल.

मराठी वेबसाइट करताना कोर्स का अपुरा पडतो?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक कोर्स इंग्रजी पानांवर शिकवले जातात आणि आपला पहिला क्लायंट बहुधा मराठीत बोलत असतो.

पहिली अडचण मजकुराची. क्लायंट म्हणतो, ‘माहितीपत्रक छापलंय, त्यातलंच टाका.’ ते डीटीपीवाल्याने श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. त्या फाइलमधला मजकूर कॉपी करून पानावर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. फॉन्ट गेला की अर्थ गेला. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. एकेक ओळ वाचून तपासण्याला पर्याय नाही. हे टाळायला काही जण माहितीपत्रकाचा फोटोच पानावर चिकटवतात. मग गुगलला तो मजकूर धडपणे सापडत नाही, दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही आणि फोन नंबरवर बोट ठेवलं तरी कॉल लागत नाही.

दुसरी अडचण तयार टेम्पलेटची. इंग्रजी शीर्षकं देखणी दिसावीत म्हणून त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं, तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांवर चढतात. ते अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवावं. ‘बुक नाऊ’साठी केलेल्या बटणात ‘खोली आरक्षित करा’ बसत नाही. तिथे ‘खोली बुक करा’ लिहिणं जास्त शहाणपणाचं. लोक बोलतातही तसंच.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगणारी एक छोटी खूण असते, ‘एमआर’. टेम्पलेटमध्ये तिथे इंग्रजीची खूण असते आणि ती बदलायची राहून जाते. ती बदलली तर स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतो. काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ ऐवजी मराठी वळणाची अक्षरंही त्याच खुणेमुळे दिसतात. फॉन्टसाठी खर्च करायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याने मिळतात. फक्त एका पानासाठी फॉन्टच्या सात-आठ जाड्या लोड करू नयेत. दोन पुरतात.

काम बरं झालंय की नाही, कसं कळणार?

लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर कुठलीही वेबसाइट छान दिसते. क्लायंटचा ग्राहक ती एसटीत बसून, उन्हात, तडा गेलेल्या स्क्रीनवर उघडणार असतो. स्क्रीनच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याची ‘रिस्पॉन्सिव्ह’ पद्धत ईथन मार्कोट यांनी मे २०१० मधल्या लेखात मांडली, त्याला दीड दशक उलटलं. आता ती सगळ्या टेम्पलेटमध्ये असते. तरी पान जड होतं ते फोटोंमुळे. आजच्या फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा सहज असतो. होमस्टेच्या पानावर असे बारा टाकले की संपलं.

गुगलचे काही मापदंड इथे उपयोगी पडतात. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान लोड होताना मजकूर उड्या मारू नये. हे दर १०० पैकी किमान ७५ भेटींत साधलं पाहिजे. क्रोममधल्या लाइटहाउसमध्ये पानाची प्राथमिक तपासणी फुकट होते. सुलभतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला आवडतात. उन्हात ती दिसत नाहीत.

यापेक्षा मोठी परीक्षा माणसांची. जेकब नीलसन यांनी २००० मध्येच सांगितलं होतं, की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड होतात. पाच जणांच्या हातात फोन द्या, ‘शनिवारी दोन माणसांसाठी खोलीचं भाडं किती, ते शोधा’ असं सांगा आणि गप्प बसा. मदत करायची नाही. हे गप्प बसणं अतिशय अवघड जातं.

‘लोगो जरा मोठा करा’ या वाक्याचं काय करायचं?

या वाक्यावर डिझायनर मंडळी भरपूर विनोद करतात. पण क्लायंटला बहुधा काहीतरी खटकलेलं असतं आणि ते सांगायला त्याच्याकडे तेवढेच शब्द असतात. ‘नाव दिसत नाहीये का? की दुकान ओळखू येत नाहीये?’ असं विचारलं की खरं कारण बाहेर येतं. कधी लोगो जागेवरच राहतो आणि दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो टाकून काम होतं.

क्लायंट नेहमी चूक असतो असं नाही आणि नेहमी बरोबर असतो असंही नाही. त्याला त्याचं गिऱ्हाईक माहीत असतं. पान उघडताच गाणं वाजावं, असा आग्रह त्याने धरला तर मात्र नाही म्हणायला शिकावं लागतं, तेही त्याचा मान राखून. हे कोर्समध्ये येत नाही. तिसऱ्या-चौथ्या क्लायंटपर्यंत कुठे थोडं जमायला लागतं.

पैसे घ्यायचे की फुकट करायचं?

यावर दुमत आहे. माझं मत घ्यावेत असं आहे, थोडे का होईनात. फुकटच्या कामात क्लायंट मजकूर द्यायला चालढकल करतो आणि करणाराही ‘फुकटच आहे’ म्हणून टाळतो. वेबसाइट महिनोन्‌महिने ‘लवकरच येत आहे’ अशी उभी राहते. पैसे तीन टप्प्यांत घेणं बरं पडतं : सुरुवातीला ॲडव्हान्स, डिझाइन मान्य झाल्यावर काही आणि उरलेले वेबसाइट सुरू करताना. अनाथालय किंवा वाचनालयाचं काम विनामूल्य करायला हरकत नाही, पण त्याचाही कागद करावा. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च दोन्ही प्रकारांत क्लायंटचाच. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेलं डोमेन दुसऱ्या वर्षी महाग पडतं, हेही आधीच सांगावं.

‘आधी फुकट करून दे, पुढे मोठी कामं देतो’ असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं. ‘अनुभव मिळेल’ म्हणत विद्यार्थ्यांकडून पाच-पाच वेबसाइट करून घेऊन स्वतः क्लायंटकडून पैसे घेणारेही असतात.

कागदावर काय लिहायचं?

वकील लागत नाही, एक पान पुरतं. किती पानं करणार, मजकूर आणि फोटो कोण आणि कधी देणार, बदल किती वेळा, किती दिवसांत, पैसे किती. वेबसाइट सुरू झाल्यावर किती दिवस मोफत दुरुस्ती आणि त्यानंतर काय. भांडणं बहुतेक या शेवटच्या ओळीवरून होतात.

मालकीचा मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरदाराने कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीचा मालक सर्वसाधारणपणे मालक कंपनी असते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या बाबतीत कोडचा पहिला हक्कदार तो स्वतः असतो, पैसे घेतले तरी. हक्क क्लायंटला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे ‘सगळे पैसे मिळाल्यावर वेबसाइटचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी क्लायंटकडे’ असं एक वाक्य लिहावं. पोर्टफोलिओत काम दाखवायची परवानगीही त्यातच मागून घ्यावी. गुगलवरून उचललेले फोटो मात्र कुठल्याच कागदाने आपले होत नाहीत.

डोमेन क्लायंटच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर. त्याच्याकडे वापरातला ईमेल नसेल तर आधी तो उघडून द्यावा. पासवर्ड त्याने स्वतः ठेवावा. होस्टिंगचंही तसंच. वेबसाइट अडकवून ठेवली तर क्लायंट पैसे बुडवणार नाही, असं काही जण शिकवतात. ॲडव्हान्स घेणं हा त्याहून सरळ उपाय आहे.

पहिल्या कामात काय घेऊच नये?

ऑनलाइन पैसे घेणारं दुकान, रुग्णांची माहिती साठवणारी दवाखान्याची वेबसाइट, विद्यार्थ्यांचे लॉगिन असलेलं शाळेचं पोर्टल. यातली चूक पान वाकडं दिसण्यावर थांबत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये लोकांची माहिती गोळा करणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी टाकलेली आहे. साध्या चौकशीच्या फॉर्ममध्येही नाव आणि मोबाइल पुरतो, आधार क्रमांक कशाला? अनेक छोट्या धंद्यांना तर फॉर्मचीही गरज नसते. कॉलचं बटण आणि व्हॉट्सॲपचं बटण दिलं की झालं, कारण फॉर्ममधून आलेला ईमेल कुणी उघडून बघत नाही.

एआय काही मिनिटांत वेबसाइट करतं, मग हे शिकून उपयोग काय?

मांडणी, रंग आणि प्राथमिक कोड एआय झटपट देतं, हे खरं आहे. ते वापरायला हरकतही नाही. पण सोमवारी खानावळ बंद असते, श्रावणात मासे मिळत नाहीत, किंवा पावसाळ्यात मागचा रस्ता बंद होतो, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं आणि त्याआधी ते मालकाकडून काढून घ्यावं लागतं. अशी साधनं नमुना म्हणून ‘समाधानी ग्राहकां’ची नावं आणि अभिप्रायही भरून देतात. ते तसेच राहिले तर क्लायंटच्या नावावर चक्क खोटं छापलं जातं. एकेक ओळ कुठून आली, हे विचारण्याची सवय इथे कामाला येते.

वेबसाइट सोपवताना काय द्यायचं?

एका कागदावर : डोमेन कुठे घेतलं, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठलं, दर कसे बदलायचे, बॅकअप कुठे आहे. मग क्लायंटला शेजारी बसवून एक दर त्याच्याकडूनच बदलून घ्यायचा. त्याला तो जमला नाही, तर काम अजून बाकी आहे असं समजायचं.

काकांच्या होमस्टेचं डोमेन मी त्याच मे महिन्यात त्यांच्या खात्यावर करून दिलं. आता मुदतीचे मेल त्यांनाच येतात. मागच्या वर्षी त्यांनी व्हॉट्सॲपवर एका मेलचा स्क्रीनशॉट पाठवला : तातडीने पैसे भरा, नाहीतर डोमेन जाईल. खाली त्यांनी विचारलं होतं, ‘हा आपल्या कंपनीचा नाही वाटत. मुदत तर अजून सात महिने आहे, कागदावर लिहिलंय.’ मेल बनावट होता. पैसे त्यांनी भरले नव्हते.